अल्गोलवाले मास्तर

भाषा शिकणारे जगात पुष्कळ. कोणी संस्कृत शिकून देवाशी बोलतो, कोणी इंग्रजी शिकून साहेबाशी बोलतो, कोणी फारसी शिकून कचेरीत चिकटतो. पण जिच्याशी बोलायचं ती वस्तू उभ्या वऱ्हाडात एकही नाही, हे पक्कं ठाऊक असताना तिची भाषा मुळापासून शिकणारा, तिच्यात विचार करणारा आणि तिच्यापायी बायकोची बोलणी खाणारा माणूस सबंध पृथ्वीवर एकच झाला असेल, आणि तो अकोल्याला जठारपेठेत राहत होता. हे आमचे मास्तर; शाळेत गणित शिकवत, पण मला नव्हे. भाषेचं नाव अल्गोल. ती गणकयंत्राशी बोलायची भाषा. गणकयंत्र म्हणजे हिशेब करणारं विजेचं अवाढव्य यंत्र. तेव्हा ते मुंबईसारख्या ठिकाणी कुठल्याशा संस्थेत असतं, असं ऐकून होतो. अकोल्यात विजेवर चालणारी सगळ्यांत हुशार वस्तू म्हणजे जिनिंग फॅक्टरीचा भोंगा.

मास्तरांचा एक मित्र अमरावतीच्या कॉलेजात त्यांच्याबरोबर शिकलेला. तो पुढे विलायतेला गेला आणि तिथून त्यानं एक पातळ पुस्तिका धाडली. त्या पुस्तिकेत अल्गोलचा सगळा कायदा होता. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या सालापासून माझे वडील गिरणीतून सुटले की खांद्यावरच्या पिशवीत पत्रकं घेऊन फिरायचे, आणि मी अक्षरओळख शाळेच्या पुस्तकापेक्षा त्या पत्रकांवरच केली. त्यामुळे जाड पोथीपेक्षा पातळ पुस्तिकेत जास्त दारूगोळा असतो, ही माझी तेव्हाही श्रद्धा होती आणि आजही आहे. मास्तरांचीही तीच. ते म्हणायचे, "जो कायदा खिशात मावत नाही, तो गरिबाच्या कामाचा नाही."

आमची ओळखही पत्रकामुळेच झाली. फीवाढीविरुद्धचं एक पत्रक मी जठारपेठेत घरोघर वाटत होतो. मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांनी ते घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि लाल पेन्सिल काढली. मला वाटलं, आता शुद्धलेखन काढणार. पण मास्तर शेवटच्या ओळीपाशी आले आणि जागच्या जागी उठून उभे राहिले. ती ओळ प्रत्येक पत्रकात असते तीच होती: मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. "अरे, हे तर शुद्ध अल्गोल आहे!" मास्तर ओरडले. "जर मागण्या मान्य, तर ठीक, नाहीतर आंदोलन! फक्त एक चूक आहे."

"कोणती?" मी बाह्या सरसावूनच विचारलं.

"तीव्र म्हणजे किती, ते लिहिलं नाही. मशीन इथं अडकेल."

त्या दिवसापासून मी मास्तरांचा शिष्य झालो आणि ते मला 'पत्रकवाले' म्हणू लागले. मला त्या भाषेतलं गणित अर्धंमुर्धंच कळायचं, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी काळजात रुतली. त्या भाषेत मोठा माणूस, लहान माणूस, देशमुख, पाटील असं काही नसतं. ओळीतल्या प्रत्येकाला नुसता एक नंबर. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना तोच नियम. "नंबराला आडनाव नसतं, पत्रकवाले," मास्तर म्हणायचे. जी गोष्ट सांगायला आमच्या माणसांनी पिढ्या घातल्या, ती ह्या भाषेत पहिल्या पानावर गृहीत धरलेली होती.

इंग्रजी शब्दांना मास्तरांनी मराठी प्रतिशब्द दिले होते. काम सुरू करताना 'आरंभ', संपवताना 'समाप्त', मध्ये 'जर', 'तर', 'नाहीतर' आणि 'जोवर'. कायद्यात तशी मुभा आहे, असं ते पुस्तिकेवर बोट ठेवून सांगत. पण हे शब्द पुस्तिकेत राहिले नाहीत, घरभर पसरले. मास्तर जेवायला बसताना "आरंभ" म्हणत आणि हात धुताना "समाप्त". शाळेत पोरांना म्हणत, "जर गृहपाठ केला असेल तर बसा, नाहीतर उभे राहा, जोवर घंटा होत नाही तोवर." बाजारात तर भाजीवाल्या बायका त्यांना पाहूनच पदर तोंडाला लावायच्या. एकदा मी सोबत होतो. मास्तर म्हणाले, "जर वांगी कोवळी असतील तर वांगी दे, नाहीतर भेंडी दे, जर भेंडीही जून असेल तर..."

"मास्तर," ती म्हातारी भाजीवाली म्हणाली, "ते होत राहीन. जर थैली आनली असन तर काढा, नाईतर धोतरात नेता काय?"

थैली अर्थातच घरी राहिली होती.

घरात मशीन नव्हतं, म्हणून मास्तरांनी घराचंच मशीन केलं. यंत्राला आठवण लागते. आकडे ठेवायला कप्पे लागतात. कप्पे कुठे असतात? मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, मिसळणाच्या डब्यात. मास्तर आकडा चिठ्ठीवर लिहून हळदीच्या वाटीत ठेवत, दुसरा जिऱ्याच्या, तिसरा मोहरीच्या. मग मी मोठ्यानं ओळ वाचायची आणि त्यांनी चिठ्ठ्या हलवायच्या. "हळदीत जिरं मिळव, उत्तर मोहरीत ठेव!" असं मी घसा फोडून वाचत असताना बाहेरून जाणाऱ्या माणसाला वाटे, मास्तरांकडे कोणी मोठा आचारी आला आहे. एकदा असा हिशेब रंगात आला असतानाच शाळेचा शिपाई बोलवायला आला आणि मास्तर तसेच उठून गेले. त्या दिवशी जेवताना काकूंनी पळीनं वरण ढवळलं, काहीतरी वर काढलं आणि शांतपणे पाटाशेजारी ठेवलं. "घ्या," त्या म्हणाल्या. "आज वरनात सतरा निघाले."

मास्तरांचा चेहरा उजळला. "सतराच यायला पाहिजे होते!"

काकू वणी-यवतमाळकडच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणायच्या, "लोकाइचे नवरे दारू पेतात, पत्ते खेळतात. त्याइले निदान सांगता तरी येते. मी काय सांगू? माह्या नवऱ्याले मशीन नसलेल्या मशीनचं व्यसन हाय?" पण ओट्यावर कोणी मास्तरांची टिंगल करू लागलं की त्याच काकू आतून भांडं आपटून विचारायच्या, "तुमाले येते काय एखादी भाषा, जिच्यात खोटं बोलता येत नाई?"

मास्तरांचं एकच मागणं होतं, आणि ते त्यांनी मला चारचौघांत कधी सांगितलं नाही, एकदा मोर्णा नदीच्या पुलावर सायकल हातात धरून चालताना सांगितलं. ते म्हणाले, "पत्रकवाले, इतकं लिहिलं, पण ते चालताना कधी पाहिलं नाही. चिठ्ठ्या मीच हलवतो. मी हलवतो म्हणून त्या हलतात. आपला हात न लागता, आपण लिहिलेलं आरंभापासून समाप्तपर्यंत एकदा चाललेलं पाहायचं आहे. एकदाच." मुलाचं लग्न पाहायचंय, काशी पाहायचीय, असं म्हणताना माणसांचा जो आवाज होतो, तोच आवाज होता.

मुलगा त्यांना नव्हता, मुलगी होती, आणि तिचं लग्न ठरलं. अमरावतीचं स्थळ, कापसाची मोठी आडत. ही संधी मास्तरांनी साधली नसती तर ते मास्तर कसले? पंगत म्हणजे ओळ, ओळीत पानं, प्रत्येक पानाला नंबर. त्यांनी बुंदी वाढण्याचा कार्यक्रम अल्गोलमध्ये लिहिला आणि मांडवात फळा आणून त्यावर उतरवला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत: जोवर जेवणारा 'पुरे' म्हणत नाही तोवर वाढ, म्हणाला की पुढच्या पानाकडे जा. वाढपी म्हणून शाळेतली पोरं आणि आमच्या वस्तीतले मी नि माझे मित्र. मास्तरांनी आम्हाला आठवडाभर रिकाम्या बादल्या घेऊन शाळेच्या मैदानात फिरवलं. ताकीद एकच: "तुम्ही माणसं नाही, मशीन आहात. मशीननं स्वतःची अक्कल चालवली की भाषा मेली."

लग्नाच्या दिवशी आम्ही बादल्या उचलल्या तेव्हा मास्तरांच्या एका चुलतभावानं मला निरखून पाहिलं आणि मास्तरांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे मला नीट ऐकू येईल इतकंच.

"हे पोट्टे कोनाचे?"

"मशीनचे," मास्तर म्हणाले.

"मस्करी नोको करू. जात काय?"

"लोखंड," मास्तर म्हणाले, आणि फळ्यावरचा एक शब्द पुन्हा गिरवू लागले.

चुलतभाऊ आणि त्याच्या घरचे दोघे-तिघे जेवायला बसले नाहीत. त्यांचा उपास होता म्हणे. कोणत्याही देवाच्या पंचांगात त्या दिवशी उपास नव्हता; तो त्यांचा त्यांनीच काढला होता. मला बादली तिथंच आपटून त्यांना चार गोष्टी ऐकवायच्या होत्या, जिभेवर आल्याही होत्या. पण मास्तरांनी मोठ्यानं "आरंभ!" म्हटलं आणि मी चालू लागलो.

आता जे झालं ते वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला नीट कळायचं नाही. आमच्याकडे पंगतीत बसलेला माणूस बादली लांबून दिसली की "पुरे, पुरे" म्हणायला लागतो. ती रीत आहे. आणि ते ऐकूच न येणं ही वाढप्याची रीत आहे. दोघांनी आपापली रीत पाळली की पोट भरतं. मास्तरांनी लिहिताना ह्यातलं अर्धंच लिहिलं होतं. पाहुणे "पुरे" म्हणाले आणि आम्ही मशीन, त्यामुळे आम्ही पुरे केलं. पहिल्या पानावर चार दाणे पडले, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यानं बादली वळणावर असतानाच "पुरे" म्हटलं, त्याच्या पानावर काहीच नाही. अमरावतीचे व्याही एकमेकांच्या पानांकडे पाहू लागले. नवरदेवाचा मामा मोठ्यानं म्हणाला, "काहो, हे बुंदी वाढून राह्यले का अक्षता टाकून राह्यले?"

मास्तर फळ्यापाशी घामाघूम झाले. पण पंगत चालली होती, नियमाप्रमाणे चालली होती, आणि ती आठव्या-दहाव्या पानावर नवरदेवाच्या आजोबांपाशी आली. आजोबा म्हणजे आडतीचे मालक, सगळ्या घराचा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा. आणि आजोबा मौन धरून जेवत. आचमन करून उठेपर्यंत एक अक्षर नाही, आयुष्यभराचा नेम.

मी वाढलं. आजोबांनी मान हलवली. मानेबद्दल फळ्यावर काही नव्हतं. मी वाढलं. आजोबांनी भुवया वर केल्या. मी वाढलं. आजोबांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. मी त्यांच्या हातावर वाढलं. मला दिसत होतं, कळत होतं, पण आठवडाभराची शिकवण होती आणि मघाशी गिळलेल्या चार गोष्टींचाही जोर हाताला आला असावा. बुंदीचा ढीग द्रोणाला गिळून वरणाकडे सरकला. सगळी पंगत घास थांबवून पाहत होती. नवरदेव उभा राहिला. नवरी आतल्या दाराशी दोन्ही हात तोंडावर धरून. काकू धावत बाहेर आल्या. "अहो, थांबवा त्याले! आजोबा बुंदीत बुडून राह्यले!"

"मला थांबवता येत नाही," मास्तर रडवेल्या आवाजात म्हणाले. "त्यांनी 'पुरे' म्हणायला पाहिजे."

"ते कसे म्हनतीन? त्याइचं मौन हाय!"

"हे मी लिहिलं नव्हतं," मास्तर फळ्याकडे पाहत म्हणाले. काकूंनी माझ्या हातातली बादली हिसकावली तेव्हाच मशीन बंद पडलं.

सोयरीक मोडते की राहते, हे आता आजोबांच्या आचमनावर होतं. आजोबांनी ढिगाच्या कडेनं निवांतपणे जेवण संपवलं. आचमन केलं. हात धुतले. पंच्यानं पुसले. मग फळ्यापाशी गेले, चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचली. मास्तर हात जोडून उभे.

"मास्तर," आजोबा म्हणाले, "तोंडाले काहून इचारता? पंगतीत मानसाचं तोंड खोटंच बोलते. हात खोटा नाई बोलत. हात आडवा आला का थांबा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् ह्या पोट्ट्याले कोनी काई म्हनू नका. सांगतलं तेवढंच करनारा मानूस मी आडतीवर जल्मभर पाहून राह्यलो, भेटला नाई."

मांडवभर हशा झाला, नवरदेव खाली बसला, नवरी दाराआड गेली. मास्तरांनी खडू घेतला, 'पुरे' पुसलं आणि तिथं लिहिलं, 'जोवर हात आडवा येत नाही तोवर'. पण दुसऱ्या पंगतीला बादल्या नवरीच्या मावश्यांनी ताब्यात घेतल्या. दुरुस्त केलेला कार्यक्रम फळ्यावरच राहिला. मास्तर मुलीला निरोप देताना रडले, आणि फळा शाळेत परत नेताना पुन्हा रडले.

पुढे विलायतेहून बातमी आली की अल्गोलच्या पंडितांत भांडण लागलं आहे. भाषेची नवी आवृत्ती निघणार. एक तट म्हणतो ती भव्य पाहिजे, दुसरा म्हणतो ती साधीच बरी. असं भांडण मला लगेच कळतं. आम्ही तातडीनं अकोला अल्गोल मंडळाची सभा घेतली. मंडळाचे सभासद दोन, आणि कोरमसाठी काकू. मास्तर साध्या भाषेच्या बाजूनं बोलले. मी त्याहून कडक बोललो. काकू म्हणाल्या, "पह्यलीच धड चालली नाई, दुसरी कायले पाह्यजे?" आणि हाच ठराव एकमतानं मंजूर झाला. मी रात्रीतून पत्रक लिहिलं, 'अल्गोलप्रेमी जनतेस आवाहन', आणि सकाळी कापूस बाजारात वाटलं. बैलगाड्यांवरच्या शेतकऱ्यांनी ते घेतलं, उलटसुलट पाहिलं. एकानं विचारलं, "भाव वाढीन काय ह्यानं?" मी म्हणालो, "आत्ता लगेच नाही." ठराव विलायतेला गेला. सावकाश उत्तर आलं की निर्णय कधीच होऊन गेला, भव्य भाषा जिंकली. मी खचलो. मास्तर म्हणाले, "निर्णय झाला म्हणून आपलं मत बदलतं काय? पत्रकवाले, तुम्हीच असे खचलात तर कसं व्हायचं?"

त्याच उन्हाळ्यात मास्तर मुंबईला गेले. ओळखीतून एका संस्थेत मशीन पाहायची सोय झाली होती. पंगतीचा दुरुस्त कार्यक्रम घेऊन, काकूंनी बांधून दिलेल्या दशम्या घेऊन, नवं धोतर नेसून गेले. परतले तेव्हा मी स्टेशनवर होतो. ते सायकलच्या मागे बसले. जठारपेठ आली तेव्हा मी विचारलं, "पाहिलं?"

"पाहिलं. गार खोलीत बसलं होतं. लग्नातल्या मुलाकडच्यांसारखं. सगळे त्याच्याभोवती उभे."

"मग? चाललं?"

"त्याला आपली भाषा येत नाही," मास्तर म्हणाले. "तिथं दुसरी एक भाषा चालते. तिथला पोरगा फार सज्जन होता. म्हणाला, मास्तर, तुमची भाषा सुंदर आहे, पण आमच्याकडे ती कोणी बोलत नाही." सायकलवरून उतरताना म्हणाले, "त्याचं काय चुकलं? ज्याच्या त्याच्या घरची बोली."

त्यानंतर काही दिवस मिसळणाच्या डब्यात नुसतं मिसळणच राहिलं. काकू स्वयंपाकात चिठ्ठी शोधायच्या, मिळाली नाही की डबा पुन्हा उघडून पाहायच्या. एकदा तर मीच ऐकलं, त्या म्हणत होत्या, "अहो, हळद रिकामी हाय. ठेवा ना काई." मास्तर म्हणाले, "राहू दे."

पुढल्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न झालं. आमच्या वस्तीत, मोकळ्या जागेत, साधंच. मी जठारपेठेत अनेक घरी निमंत्रणं दिली होती. अनेकांना त्या दिवशी नेमकी कामं निघाली, आणि काहींचे तेच पंचांगाबाहेरचे उपास. टांग्यातून उतरले ते दोघंच. मास्तर नव्या धोतरात, काकू लुगड्याला हळदीचा डाग तसाच ठेवून. वस्तीतल्या म्हाताऱ्या आजींनी काकूंना विचारलं, "बाई, तुमी आमच्यात जेवान काय?" काकू म्हणाल्या, "उपाशी पाठवता काय?" आणि त्यांच्याच शेजारी पंगतीत बसल्या. पलीकडे मास्तर.

बादल्या घेऊन निघाले ते माझेच मित्र, त्या लग्नातलं मशीन. त्यांच्यामागे नवी पोरं, ज्यांना अल्गोलचं नावही ठाऊक नव्हतं. मित्रांनी त्यांना सांगितलं होतं तेवढंच त्यांना माहीत. फळा नव्हता. कोणी "आरंभ" म्हटलं नाही. पहिल्या पानावरचा माणूस "पुरे, पुरे" म्हणाला. वाढणाऱ्यानं ऐकलं नाही, वाढलं. हात आडवा आला. तो थांबला आणि पुढच्या पानाकडे गेला. पुढचा "पुरे" म्हणाला. हात आडवा आल्यावरच तो थांबला. तिसरा. चौथा. मास्तर मान वाकडी करून ओळीच्या टोकाकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते.

बादली त्यांच्यापाशी आली. मास्तरांचं लक्षच नव्हतं. वाढणारा वाढत राहिला, ढीग चढू लागला.

"अहो, हात!" काकूंनी कोपरानं ढोसलं.

मास्तरांनी हात आडवा धरला. पोरगा थांबला, क्षणभरही न रेंगाळता पुढच्या पानाकडे गेला. त्याला मास्तर ठाऊक नव्हते, आणि मास्तरांचा हातही त्याला लागला नव्हता. ओळ सरकत गेली, शेवटच्या पानावर एक लहान मुलगी बसली होती, तिनं दोन्ही हात आडवे धरले, आणि बादली माघारी वळली.

"समाप्त," मास्तर म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की काकू आणि मी सोडून कोणाला ऐकू गेलं नाही. काकूंनी पदरानं डोळे टिपले आणि भाजीला तिखट फार आहे म्हणाल्या.

पंगत उठली. दुसरी बसायची होती, बायका झाडू घेऊन उभ्या होत्या. मास्तर उठेनात. बुंदीचा ढीग तसाच समोर होता. मी वाकून त्यांची पत्रावळ उचलायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"जरा थांबा, पत्रकवाले," ते म्हणाले. "पुन्हा चालतं का, तेवढं पाहू द्या."